भंगारातून अवकाशयान: बांधणी आणि चित्रीकरणाच्या नोंदी

१४ जुलै २०२४, रविवार

काम असं आहे: ७२ सेंटिमीटर लांबीचं एक मालवाहू अवकाशयान भंगारातून बांधायचं आणि त्याचा दहा सेकंदांचा एक शॉट खऱ्या कॅमेऱ्याने, एकेक फ्रेम करून घ्यायचा. यान कॉम्प्युटरवर बनवणार नाही. कॉम्प्युटर शेवटी येईल, तोही थर एकमेकांवर बसवण्यापुरता.

‘स्टार वॉर्स’च्या (१९७७) सुरुवातीला डोक्यावरून जाणारं ते प्रचंड स्टार डिस्ट्रॉयर आठवा. त्याचं मॉडेल ९१ सेंटिमीटरचं होतं, म्हणजे दोन हात. पडद्यावर मात्र ते संपता संपत नाही. त्याआधी नऊ वर्षांपूर्वी ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी डिस्कव्हरी यानाचं मोठं मॉडेल ५४ फुटांचं बांधलं होतं. मॉडेल तेवढं मोठं असलं की कॅमेऱ्याचं बरंच काम हलकं होतं. मग दोन हातांच्या मॉडेलने तोच भव्यपणा कुठून आणला? हे मला करून बघायचं आहे, आणि ज्यांना असंच काही करायचं आहे त्यांच्यासाठी काय चाललं, काय नाही ते इथे लिहीत जाणार आहे.

आधी हिशोब. यान ३०० मीटरचं आहे असं धरलं तर प्रमाण पडतं साधारण १:४१७. माणूस ४ मिलिमीटरचा. एका मजल्याची उंची ७ मिलिमीटर. खिडकी जेमतेम १ मिलिमीटर. हे आकडे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलासमोर चिकटवले आहेत. यापुढे प्रत्येक तुकडा लावताना त्याच्याशेजारी ४ मिलिमीटरचा माणूस उभा आहे असं समजायचं.

सकाळी जुन्या बाजारात गेलो. दोन मेलेले प्रिंटर, तीन कीबोर्ड, एक कॅसेट प्लेअर. मला प्रिंटरमधली फक्त दातेरी चाकं हवी होती, पण काका म्हणाले, “सुटं देत नाही साहेब. अख्खा उचला, दीडशे द्या.” उचलला, आणि ते बरंच झालं. कागद ओढणारी यंत्रणा, सरकत्या कॅरेजचे कप्पे, स्प्रिंगच्या खाचा, पंख्याची जाळी असा सगळा खजिना आतच होता.

बाहेरदेशी मॉडेलवाले हे काम रणगाड्यांच्या आणि जहाजांच्या प्लास्टिक किट्स फोडून करायचे. त्याला किटबॅशिंग म्हणतात, आणि यानावर चिकटवलेल्या त्या बारीक निरर्थक तपशिलांना ग्रीब्ली. आपल्याकडे आयात केलेली एक चांगली किट दोन हजारांच्या पुढे जाते. ती फोडायला मन धजत नाही. प्रिंटर फोडायला काहीच वाटत नाही.

२१ जुलै, रविवार

आज एकही तुकडा चिकटवला नाही. फक्त वर्गवारी.

गेल्या आठवड्यात हौसेने लावून पाहिलेले काही तुकडे बोटाने ढकलताच निखळले. फेविक्विक वाईट नव्हतं, प्लास्टिकच वेगळं होतं. बाटल्यांची झाकणं, जेवणाचे डबे, डास पळवायच्या मशीनच्या रिफिलची टोपी हे सगळं पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथीन. त्यावर साधं फेविक्विक धरत नाही, रंगही टिकत नाही. प्रिंटर, कीबोर्ड, रिमोट यांची आवरणं बहुतेक एबीएस किंवा पॉलिस्टायरीनची. ती घट्ट चिकटतात.

ओळखायची सोपी रीत म्हणजे बादलीभर पाणी. पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिथीन पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. एबीएस, पॉलिस्टायरीन, पीव्हीसी बुडतं. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका, नाहीतर तुकड्याला बुडबुडे चिकटतात आणि बुडणारा तुकडाही वर राहतो. तरंगलेलं सगळं बाजूला काढलं. फार आवडलेल्या दोन झाकणांचा मोह सुटत नव्हता, तीही काढली. रंगकाम झाल्यावर तुकडा पडला तर खाली पांढरा डाग उघडा पडतो, आणि तो नेमका शॉटमध्ये दिसतो.

भाचीने रंगानुसार लावायला सुरुवात केली होती. तिला म्हटलं, रंग विसर, सगळं करडंच होणार आहे. आकारानुसार लाव: लांबट, चकत्या, जाळ्या, पेट्या. तासाभरात तिने बिस्किटांच्या ट्रेमध्ये सगळं मांडून दिलं. पुढच्या कामाचा निम्मा वेळ या ट्रेंनी वाचवला. हातात डिंक लावलेला असताना ढिगात शोधाशोध करणं परवडत नाही.

४ ऑगस्ट, रविवार

सांगाडा झाला. कणा म्हणजे दीड इंची पीव्हीसी पाइप. त्यावर ३ मिलिमीटरच्या सनबोर्डच्या चौकटी आणि चौकटींवर सनबोर्डचंच कातडं. पुढे नाकाकडे निमुळतं, मागे तीन इंजिनं.

पहिलं नाक टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचं कोरलं होतं. आकार सुरेख आला. त्यावर चाचणीसाठी स्प्रेचा एक हात मारला आणि डोळ्यांदेखत ते खड्ड्याखड्ड्यांनी बसलं. स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं, फेविबॉण्डही खातं. त्यावर आधी फेव्हिकॉल आणि टिश्यूचे थर देऊन ते वाचवता येतं, पण मग कडा गोलसर होतात. ३०० मीटरच्या यानाची कड गोलसर दिसली की ते साबणाच्या वडीएवढं वाटतं. म्हणून नाक पुन्हा सनबोर्डचं केलं, सांधे एम-सीलने भरले आणि पॉलिश पेपरने १५० पासून ४०० पर्यंत घासले.

पीव्हीसी पाइप रंगवायचा असेल तर आधी घासून चमक घालवा. गुळगुळीत पाइपावरचा रंग नखाने सालीसारखा निघतो.

११ ऑगस्ट, रविवार

या नोंदीवर मी सगळ्यात जास्त भर देईन.

गेले काही दिवस संध्याकाळी ग्रीब्ली लावत होतो. हात बसला, मजा येऊ लागली आणि यानाची पूर्ण डावी बाजू भरून गेली. एक सेंटिमीटरही मोकळा नाही. काल रात्री टेबलावरचा दिवा एका बाजूने लावून मोबाइलने फोटो काढला. फोटोत यान नव्हतं, प्रिंटरच्या भागांचा ढीग होता.

मग स्टार डिस्ट्रॉयरची चित्रं पुन्हा नीट बघितली. वरचे दोन्ही उतार मोठे आणि शांत आहेत. त्यांच्यावर पट्ट्यांच्या रेषा आहेत, पण उंचवटे फार नाहीत. दाट तपशील एकवटला आहे कडेच्या त्या खाचेत, दोन पृष्ठभागांच्या मधोमध, आणि वरच्या मनोऱ्याच्या आसपास. नजर मोकळ्या उतारावरून सरकत येते, खाचेत अडकते, आणि तिथे इतकं बारीक काहीतरी दिसतं की मोकळा भाग किती मोठा असेल हे आपोआप कळतं. तपशील सगळीकडे सारखा असेल तर तुलना करायला काही उरतच नाही.

म्हणून डाव्या बाजूचे जवळपास दोन तृतीयांश तुकडे पातळ पात्याने उचकटले. काही तुटले, सनबोर्डचे पापुद्रे निघाले, ते पुन्हा भरावे लागले. आता रचना अशी आहे: कातडं मोकळं, त्यावर फक्त पातळ प्लास्टिकचे अर्धा मिलिमीटर जाडीचे चौकोन, पट्ट्या म्हणून. दाट काम कण्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये आणि इंजिनांच्या मुळाशी.

आणखी एक कळलं. ग्रीब्लीला निदान खोटं तरी काम असावं लागतं. एक पेटी आहे, तिच्यातून नळी निघते, नळी दुसऱ्या पेटीत जाते. बॉलपेनच्या रिफिलची नळी, टोकाला कीबोर्डच्या बटणाखालची दांडी. बघणाऱ्याला ते काय आहे हे कळत नाही, पण कोणाला तरी ते माहीत असणार याची खात्री पटते. मला या सिनेमांमधली सगळ्यात लाडकी गोष्ट हीच आहे. कोणीही समजावून सांगत नसलेलं एक यंत्र, जे चालतं, ज्याची कोणीतरी रोज देखभाल करतं.

ओळखू येणारा तुकडा मात्र एकही नको. दातेरी चाक अख्खं लावलं की ते दातेरी चाकच दिसतं. अर्धं कापा, उलटं लावा, त्यावर पट्टी टाका.

१५ ऑगस्ट, गुरुवार

पावसाने पाठ सोडलेली नाही आणि फेविक्विकभोवती पांढरी बुरशी आल्यासारखे डाग पडताहेत. बुरशी नाही ती. डिंकाची वाफ हवेतल्या ओलाव्याने आजूबाजूला पांढरी होऊन बसते. रंगाखाली ती झाकली जाईल, पण खिडक्यांच्या अ‍ॅक्रिलिकवर बसली की गेली. उपाय: थेंबाऐवजी सुईच्या टोकाने डिंक, आणि बाजूला छोटा पंखा. पारदर्शक भागांना फेविक्विक लावायचंच नाही. तिथे दोन भाग मिसळायचं इपॉक्सी.

१ सप्टेंबर, रविवार

दिवे.

अशा खिडक्या आतल्या एलईडीच्या उजेडाने चमकतात. ०.८ मिलिमीटरच्या बिटने हातड्रिल फिरवून भोकं पाडली. सरळ ओळीत एकसारखी पाडली तर यान एखाद्या लॉजसारखं दिसतं. म्हणून गट केले: इथे चार, मग बरीच जागा, मग वरच्या मजल्यावर एक. मजल्यांमधलं अंतर ७ मिलिमीटर, पहिल्या दिवशीच्या कागदाप्रमाणे. काही भोकं मुद्दाम काळ्या रंगाने बुजवली. तिथे कोणी झोपलं आहे.

बुधवार पेठेतून आणलेले पांढरे एलईडी तीन-तीनच्या माळेत जोडले, प्रत्येक माळेला २२० ओहमचा रेझिस्टर, १२ व्होल्टचा अडॅप्टर. तीन एलईडी मिळून साधारण ९ व्होल्ट खातात, उरलेल्या तिनांवर रेझिस्टर करंट सुमारे १४ मिलिअँपवर धरून ठेवतो. एलईडी गार राहतात. प्लास्टिकच्या बंद पोटात ते फार महत्त्वाचं.

दिवे लावले आणि खिडक्यांबरोबर अख्खं यान उजळलं, आकाशकंदिलासारखं. सनबोर्डमधून उजेड आरपार येतो. आतून काळा रंग द्यायला हवा होता, आणि तोही कातडं बसवण्याआधी. आता पोटाचा पट्टा कापून काढला, आतून काळ्या रंगाचे तीन हात दिले, सांध्यांवर अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावली. यात शनिवार-रविवार गेला. जो कोणी हे करेल त्याने क्रम असा ठेवावा: आधी आतून काळं, मग वायरिंग, अंधारात तपासणी, आणि मगच पोट बंद.

इंजिनांना निळा उजेड सगळेच देतात. मी पिवळसर नारिंगी दिला, मागे बटर पेपर लावून. मालवाहू यान आहे, भट्टीसारखं तापलेलं दिसू दे.

पुढचे पंधरा दिवस घरात गणपती. यान कपाटावर, जुन्या धोतरात गुंडाळून.

२२ सप्टेंबर, रविवार

रंग. करड्या प्रायमरचा पहिला थर दमट दिवशी मारला तर तो दुधट, खरखरीत झाला. घासून काढला आणि ऊन पडलेल्या दुपारी गच्चीवर पुन्हा मारला. स्प्रेचा डबा आधी कोमट पाण्यात ठेवला. गरम पाण्यात कधीच ठेवू नका, डबा फुटू शकतो.

मूळ करड्याच्या अगदी जवळच्या तीन छटा मिसळल्या आणि वेगवेगळे चौकोन त्यांनी भरले. फरक इतका कमी की हातभर अंतरावरून दिसू नये. कॅमेऱ्याला तो दिसतो. पट्ट्यांच्या रेषा ०.५च्या पेन्सिलने. मग पातळ केलेला काळपट तपकिरी अ‍ॅक्रिलिक खाचांतून सोडला आणि वरचा कापडाने पुसला. याला वॉश म्हणतात. शेवटी खडूची पूड ब्रशने, नाकाकडून शेपटीकडे, एकाच दिशेने.

इथेही प्रमाण आडवं येतं. ब्रशचा २ मिलिमीटरचा ओघळ म्हणजे यानावर ८३ सेंटिमीटरचा ओघळ. गंजाचे ठळक ओघळ मारायची फार इच्छा होते. आवरा.

२९ सप्टेंबर, रविवार

स्लायडर. ‘स्टार वॉर्स’साठी डायक्स्ट्राफ्लेक्स नावाची यंत्रणा जॉन डायक्स्ट्रा यांच्या चमूने उभी केली. मोटारी कॅमेऱ्याची हालचाल पुन्हा पुन्हा हुबेहूब करायच्या, त्यामुळे एकाच हालचालीचे वेगवेगळे थर घेता यायचे: एकदा यान, एकदा इंजिनांचा उजेड, एकदा तारे. माझ्याकडे मोटार नाही. म्हणून उलटं केलं. कॅमेरा एका जागी थांबवायचा, त्या जागेवरचे सगळे थर घ्यायचे, मगच पुढे सरकायचं. फ्रेम-फ्रेम मोजत बसायची परंपरा आपल्याकडे सिनेमाइतकीच जुनी आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) च्या आधी दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचा वेल उगवताना अशाच धीराने टिपला होता.

बोहरी आळीतून आठ एमएमचा आटे पाडलेला रॉड, नट आणि ड्रॉवरच्या चॅनलची जोडी आणली. कॅमेरा प्लायवूडच्या तुकड्यावर, तुकडा चॅनलवर, नट तुकड्याला जाम, रॉडच्या टोकाला हॅण्डल. या रॉडच्या आट्यांचं अंतर १.२५ मिलिमीटर. म्हणजे हॅण्डलचा एक पूर्ण फेरा, कॅमेरा १.२५ मिलिमीटर पुढे. सेकंदाला २४ फ्रेम धरून दहा सेकंदांच्या २४० फ्रेम, २४० फेरे, ३० सेंटिमीटर. मोजपट्टीची गरजच नाही.

चाचणीत चित्र मधूनच उडी मारत होतं. दोन कारणं. नट आणि आट्यांमध्ये किंचित पोकळी असते आणि चॅनल डावी-उजवीकडे हलतं. प्लायवूडला दोरी बांधून ती टेबलाच्या कडेवरून खाली सोडली आणि टोकाला अर्ध्या किलोचं वजन लटकवलं. आता नट कायम आट्यांच्या एकाच बाजूला टेकलेला राहतो. चॅनलची हालचालही गेली. फेरा चुकून जास्त झाला तर मागे फिरवायचा नाही. मागे नेला की पुन्हा पोकळी.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी. दिवसभर फक्त प्रकाश.

अवकाशात सूर्य एक, आणि तो इतका लांब की यानाच्या नाकावर आणि शेपटीवर उजेड सारखाच. सकाळी दिवा मॉडेलपासून एक मीटरवर ठेवला होता. नाकाला अंतर १ मीटर, शेपटीला १.७. प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणजे शेपटीवर जवळपास तिपटीने कमी. डोळ्याला हे लगेच कळतं: दिवा जवळ आहे, अर्थात वस्तू छोटी आहे. दिवा पाच मीटरवर नेला तर हाच फरक १.३ पटीवर येतो. हॉलचा कोपरा आणि पॅसेज मिळून तेवढी सरळ रेषा निघाली. स्वयंपाकघरात जाणाऱ्यांची दिवसभर अडचण झाली.

दुसरी बाब सावलीची. पृथ्वीवरून सूर्य सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो. पाच मीटरवर अर्धा अंश म्हणजे ४.५ सेंटिमीटर. म्हणून ५० वॉटच्या एलईडी फोकससमोर काळा पुठ्ठा आणि त्यात ४.५ सेंटिमीटरचं गोल भोक. सावलीची कड तशीच आली, उन्हात येते तशी. हे बघून मी बराच वेळ नुसता पुठ्ठा आत-बाहेर करत बसलो. रिफिलच्या नळीची सावली कातड्यावर पडली आणि पहिल्यांदा तो पाइप वाटला, ज्याच्यावरून चालत जाता येईल.

भिंती आणि छत पांढरे, त्यांचा उजेड परत येतो आणि सावल्या करड्या होतात. काळ्या चार्ट पेपरच्या पट्ट्या दोरीवर टांगल्या. समोर दिवा नाही, भरीचा प्रकाश नाही. सावलीत यान नाहीसं होऊ द्यायचं. तिथे फक्त खिडक्या राहतील.

६ ऑक्टोबर, रविवार

फोकसची खोली. २८ मिलिमीटरची लेन्स, यान ६० सेंटिमीटरवर. लेन्सचं छिद्र एफ/४ला, म्हणजे बरंच उघडं ठेवलं तर जेमतेम ७ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, बाकी सगळं धूसर, आणि धूसरपणा म्हणजे खेळणं. खरं जहाज लांबून बघताना त्याचं टोक धूसर दिसत नाही. एफ/२२ला, म्हणजे छिद्र अगदी बारीक केलं की, ४५ पासून ९० सेंटिमीटरपर्यंत सगळं बसतं. तिरकं ठेवलेलं यान त्यात मावतं. तेवढ्या बंद छिद्रातून उजेड फार कमी येतो, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ८०० आणि प्रत्येक फ्रेमला सहा सेकंद.

चाचणीच्या पन्नास फ्रेम जोडून बघितल्या तर चित्र लुकलुकत होतं. दिवा बदलला, अडॅप्टर बदलला, तरी तेच. दोष लेन्समध्ये निघाला. आजकालच्या लेन्सचं छिद्र दर फोटोला उघडतं आणि पुन्हा मिटतं, आणि दरवेळी अगदी त्याच जागी मिटत नाही. एका फोटोत तो फरक कळत नाही, सलग फ्रेममध्ये ठळक कळतो. मग छिद्राची कडी हाताने फिरवायची असते ती जुनी २८ची लेन्स सेकंडहँड शोधली. ती कॅमेऱ्यावर बसवायच्या अडॅप्टरसकट ३,२०० रुपये, या प्रकल्पातला सगळ्यात मोठा खर्च. छिद्र एकदा एफ/२२ला लावलं की तिथेच. लुकलुक पूर्ण थांबली.

मागे लावायला लक्ष्मी रोडवरून काळं मखमल आणलं होतं, ५४० रुपयांचं. ते वाया गेलं. काळं मखमल आणि यानाची काळी सावली वेगळी करताच येत नाही, मग सावलीच्या जागी तारे चमकायला लागतात. त्याऐवजी यानाच्या दोन मीटर मागे पांढरी चादर आणि चादरीमागे वेगळा दिवा. फक्त तो लावला की पांढऱ्यावर यानाची निव्वळ काळी आकृती मिळते. तिच्यावरून कॉम्प्युटरला सांगता येतं की इथे यान आहे, इथे तारे नकोत.

२० ऑक्टोबर, रविवार

चित्रीकरण. रात्री दहानंतर, बाहेरची वर्दळ कमी झाल्यावर. एकेका जागेवर तीन फोटो: सूर्य, मग सूर्य बंद, खिडक्या आणि इंजिनं, मग चादरीमागचा दिवा. तीन बटणं एकाच स्विचबोर्डावर, रिमोट शटर हातात. फेरा, तीन सेकंद थांबणं, तीन फोटो. एका जागेला अर्ध्या मिनिटाच्या वर. एकूण ७२० फोटो, अडीच तास.

भाची वहीत दर फेऱ्याला रेघ मारत होती. हे काम दुसऱ्या माणसाकडेच द्या. मध्यावर फेरा झाला की नाही याची शंका आली तेव्हा वहीनेच वाचवलं. चालताना पाय हलका टाकायचा, पंखा बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत.

शंभराव्या फ्रेमच्या आसपास एक छोटी जाळी सुटून लोंबकळली. हात लावला असता तर यान हललं असतं. तशीच ठेवली. शॉटमध्ये ती आहे, खालच्या खाचेत, आणि एक सैल झालेलं झाकण वाटते.

२७ ऑक्टोबर, रविवार

जोडणी दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केली, मोफत आवृत्तीत. सूर्याचा थर खाली, खिडक्यांचा थर ‘स्क्रीन’ मोडमध्ये वर, म्हणजे त्यातला फक्त उजेड खालच्या चित्रात मिसळतो, आणि चादरीच्या थरावरून मास्क, म्हणजे तारे झाकणारी यानाची आकृती. खिडक्यांचा वेगळा थर असल्याचा फायदा आत्ता कळतो: त्यांची चमक हवी तेवढी कमी-जास्त करता येते, यानाला धक्का न लावता. दर फ्रेमला चित्र साधारण पाच पिक्सेल सरकतं. डायक्स्ट्राफ्लेक्समध्ये शटर उघडं असताना कॅमेरा चालत असे, त्यामुळे हालचालीचा धूसरपणा आपोआप यायचा. माझ्या पद्धतीत तो नाही, म्हणून थोडा मोशन ब्लर सॉफ्टवेअरमधून दिला.

ताऱ्यांनी एक संध्याकाळ खाल्ली. पहिल्यांदा मी त्यांना यानाबरोबर हळूहळू सरकवलं. हालचाल छान दिसली आणि यान पुन्हा टेबलावर आलं. विचार केल्यावर उलगडलं. माझा कॅमेरा वळत नाही, फक्त बाजूला सरकतो. तारे इतके लांब आहेत की कॅमेरा कितीही सरकला तरी ते जागचे हलत नाहीत. ते हलले याचा अर्थ ते जवळ आहेत, आणि ते जवळ असतील तर यान त्याहून जवळ आणि छोटं. तारे खिळवून टाकले. यान त्यांच्यासमोरून जाऊ लागलं आणि एकदम जड झालं.

खरं तर उन्हात उजळलेल्या यानाच्या फोटोत तारे दिसूच नयेत. चंद्रावरच्या अपोलोच्या फोटोंत आकाश कोरं काळं आहे ते त्यामुळेच, एक्स्पोजर उन्हाच्या हिशेबाने असतं. तरी मी ठेवले, थोडे आणि मंद. मला अवकाशाचे सिनेमे ताऱ्यांसकट आवडतात.

१० नोव्हेंबर, रविवार

खर्च, ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी: भंगार ६००, पाइप-सनबोर्ड-अ‍ॅक्रिलिक ७२०, डिंक-पुट्टी-रंग १,४८०, एलईडी आणि वायरिंग ९६०, स्लायडर ८९०, मखमल ५४०, लेन्स ३,२००. एकूण ८,३९० रुपये. कॅमेरा, फोकसचा दिवा आणि चादर घरची. छिद्राची कडी असलेली लेन्स आधीच असेल आणि मखमल टाळलंत तर काम पाच हजारांच्या आत बसतं.

दुसऱ्या शॉटमध्ये कॅमेरा यानाच्या नाकासमोर वळणार आहे. म्हणजे या वेळी तारे सरकवावे लागतील, आणि ते वळण्याच्या कोनाशी तंतोतंत जुळवून. त्यासाठी प्लायवूडवर फिरती चकती बसवतो आहे, कडेला एकेका अंशाच्या खुणा करून. उजव्या इंजिनाची एक माळ मंद झाली आहे, तिचा सांधा आधी बघायचा. पोटाचा पट्टा या वेळी चिकटवलेला नाही, स्क्रूने लावला आहे.